दिव्यावरच्या पाखरांची वही

दिव्यावर पाखरे येतात, हे तुम्हाआम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. मृगाचा पाऊस पडला की ओसरीवरच्या दिव्याभोवती ती गर्दी करतात. जेवायला बसावे तर ताटात पडतात. मग आपण दिवा मालवतो आणि अंधारात जेवतो. सकाळी ओसरी झाडली की मेलेली पाखरे सुपलीभर निघतात. ती आपण उकिरड्यावर टाकतो.

या धड्यात ती पाखरे टाकून न देता मोजायची आहेत. मोजून वहीत लिहायची आहेत. हे काम कशासाठी, ते पुढे येईलच.

वाशीम जिल्ह्यात, अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या रेल्वेवर जऊळका हे गाव आहे. शेती बहुतेक पावसावरची. सोयाबीन, तूर, कापूस आणि हिवाळ्यात हरभरा ही या भागातली पिके. या चारही पिकांना अळी लागते. आणि अळी काही मातीतून आपोआप उपजत नाही. ती पतंगाचे पोर आहे. पतंगाची मादी पानावर अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. अळी पाने, फुले, शेंगा खाऊन मोठी होते. मग ती कोषात जाते आणि कोषातून पुन्हा पतंग बाहेर पडतो. अळी दिवसा दिसते, म्हणून आपण तिच्याशी भांडतो. तिची माय रात्री येऊन जाते, तिला आपण पाहतच नाही.

अंडे फुटायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. पतंग दिसले, म्हणजे पुढच्या आठवड्यात अळी दिसणार, ही आगाऊ वर्दी झाली. गावात पाहुणा येण्याआधी चिठ्ठी यावी, तशी ही चिठ्ठी दिव्यावर येते. ती वाचता आली पाहिजे.

आता जऊळक्यासारख्या गावातले एक घर डोळ्यांपुढे आणा. घरामागे परसबाग आहे. तिच्यात वांगी, भेंडी, एक पपई, कुंपणावर दोडक्याचा वेल. परसबागेला लागूनच तीन एकर सोयाबीन. घरात एक म्हातारी माय, तिचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. म्हातारी नुकतीच लिहायला शिकली आहे. अक्षर मोठे आणि वाकडे येते, पण आकडे अगदी स्वच्छ काढते.

आषाढ संपत आला होता. दिव्याची अवस आली. घरोघर दिवे घासून पुसून पाटावर मांडले होते. त्या संध्याकाळी नातीने शाळेत ऐकलेला सापळा परसबागेत उभा केला. तीन काठ्यांची तिकाटणी. तिकाटण्याला टांगलेला दिवा. दिव्याखाली, वीतभर अंतरावर, पाण्याने अर्धे भरलेले घमेले. पाण्यात कपडे धुण्याच्या साबणाची चिमूटभर पूड. साबण कशाला? पतंगाच्या अंगावर बारीक पिठासारखे खवले असतात. त्यामुळे साध्या पाण्यावर तो तरंगतो आणि उडून जातो. साबणाच्या पाण्यात तो भिजतो आणि बुडतो.

विजेचा दिवा असेल तर एक काळजी घ्या. वायर कुठे सोललेली नसावी. पाऊस येत असेल तर दिवा लावूच नका. खाली पाणी आणि वर वीज, हा खेळ नव्हे. सूर्याच्या उन्हावर भरणारा छोटा दिवा मिळाला तर सर्वांत बरा. कंदीलही चालतो, पण त्याचा उजेड मंद, म्हणून पाखरे कमी येतात.

दिवा सात वाजता लावला आणि दहा वाजता मालवला. रात्रभर ठेवला नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

सकाळी मुलगा परसबागेत गेला आणि घमेले पाहून घाबराच झाला.

“माय, आज फवारा माराच लागते.”

“काहून रे?”

“पाह्य न, घमेलं भरून गेलं पाखरांनं. दुकानदारही म्हनला, आताच मारा म्हून.”

“थांब जराशी. घमेलं भरलं, पन त्यात कोन कोन हाय, ते त पाहू दे मले.”

म्हातारीने जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा अंगणात पसरला. घमेल्यातले पाणी गाळून सारी पाखरे त्यावर ओतली. मग तांदूळ निवडावे तशी ती निवडायला बसली. उडते मुंगळे एका बाजूला. शेणकिडे दुसऱ्या बाजूला. चिलटे तर मोजण्यासारखीच नव्हती. तपकिरी भुंगेरे निघाले, ते हुमणीचे. पहिला पाऊस झाला की हे भुंगेरे रात्री कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. त्यांची अळी जमिनीत राहून मुळे खाते. ते तिने वेगळे ठेवले.

शेवटी पतंग उरले, तेही सारे सारखे नव्हते. पतंग आणि फुलपाखरू यांतला फरक आधी समजून घ्या. फुलपाखरू दिवसा उडते आणि बसले की बहुधा पंख पाठीवर उभे मिटते. पतंग बहुधा रात्री उडतो आणि बसताना पंख कौलारू छपरासारखे अंगावर पसरतो. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात.

आपल्याला तीन पतंग ओळखता आले तरी पुष्कळ झाले.

पहिला, पाने खाणाऱ्या अळीचा. या अळीला तंबाखूवरची अळीही म्हणतात, पण सोयाबीन, एरंडी, कपाशी, भाजीपाला, काहीच तिला वर्ज्य नाही. पतंग तपकिरी. पुढच्या पंखांवर पांढुरक्या रेघा आडव्यातिडव्या गेलेल्या, जाळी विणल्यासारख्या. मागचे पंख पांढरे. म्हातारीने त्याचे नाव ठेवले ‘जाळीवाला’.

दुसरा, घाटेअळीचा. हीच अळी हरभऱ्याचे घाटे पोखरते, तुरीच्या शेंगेत डोके खुपसते आणि कपाशीचे बोंडही सोडत नाही. पतंग फिकट पिवळसर-तपकिरी. पुढच्या प्रत्येक पंखावर मधोमध एक काळपट ठिपका, घेवड्याच्या बीच्या आकाराचा. याचे नाव ‘ठिपकेवाला’.

तिसरा, उंटअळीचा. ही अळी पाठीची कमान करून चालते. हिच्या एका जातीच्या पतंगाच्या पंखावर सोन्याचा वर्ख लावावा तसा चकचकीत डाग असतो. नातीने लगेच त्याला ‘सोनेरी’ म्हटले.

शास्त्रातली नावे वेगळी आहेत. पण घरच्या वहीत घरची नावे चालतात. रोज तेच नाव त्याच पतंगाला लावले पाहिजे, एवढेच.

मोजणी झाली. इतक्या मोठ्या ढिगात जाळीवाले ६, ठिपकेवाले २ आणि सोनेरी १ निघाले.

“नऊ पाखरासाठी तीन एकर फवारतं का रे बापू?” म्हातारीने विचारले. मुलगा काही बोलला नाही. पण फवारणीचा पंप त्याने परत खुंटीला टांगला.

ढिगात आणखी काही निघाले होते. हिरव्या रंगाचे, जाळीदार पातळ पंखांचे चार किडे. नातीने पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले. ते क्रायसोपा निघाले. यांची पिल्ले मावा आणि बारीक अळ्या खातात. म्हणजे ते आपले सोबती. दोन ढालकिडेही होते, तेही मावा खाणारेच. दिव्याला शत्रू-मित्र कळत नाही. म्हणून दिवा रात्रभर ठेवायचा नाही. रात्रभर ठेवला तर आपली माणसेही जास्त मरतात. शिवाय सारे पतंग तरी वैरी कुठे आहेत? पपईच्या फुलावर रात्री येणारे मोठे पतंग फळ धरायला मदत करतात. भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशीम काढतात, तेही एका पतंगाच्या कोषातूनच. ज्याला मारायचे नसेल त्याने घमेल्याऐवजी दिव्यामागे पांढरे धोतर दोरीवर टाकावे. पाखरे त्यावर येऊन बसतात. मोजावी, लिहावी आणि दिवा मालवावा. ती आपल्या वाटेने जातात.

पाखरे दिव्याकडे का येतात, याचे उत्तर गाण्याभजनांत निराळे मिळते. पतंगाला ज्योतीचे वेड आहे, असे म्हणतात. २०२४ साली छापून आलेल्या एका संशोधनात शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने किड्यांचे उडणे टिपले. त्यात दिसले की उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे करतो. रात्री वर आकाश असते आणि ते जमिनीपेक्षा जरा उजळ असते. पाठ आकाशाकडे ठेवली की किडा सरळ उडतो. मध्येच दिवा आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, तिरपा होतो आणि गोल गोल फिरत राहतो. वेड वगैरे काही नाही. बिचारा वाट चुकतो.

म्हातारीने त्या दिवशी वहीत पहिली ओळ लिहिली. नंतर जमेल तशी रोज एक ओळ. त्यातल्या काही ओळी अशा:

दिव्याची अवस. आभाळ नाही. जाळीवाले ६, ठिपकेवाले २, सोनेरी १.
नागपंचमी. पाऊस. दिवा लावला नाही.
श्रावण शुद्ध दशमी. आभाळ नाही. जाळीवाले ५, ठिपकेवाले १, सोनेरी ३.
राखी पुनव. लख्ख चांदणे. जाळीवाले २, ठिपकेवाले ०, सोनेरी १.

नागपंचमीची ओळ नीट पाहा. नातीने तिथे आधी शून्य लिहिले होते. म्हातारीने ते खोडायला लावले. “शून्य म्हंजे दिवा लावला, पन पाखरू आलं नाही. आपन त दिवाच नाही लावला.” पुष्कळ शिकलेली माणसेही इथे चुकतात. लावला नाही ते ‘लावला नाही’ असेच लिहावे.

राखी पौर्णिमेची ओळ पाहून मुलगा खूष झाला. दोनच जाळीवाले! “माय, कीड संपली. आता दिवा कायले लावतं?”

इथे वहीतला तिथीचा रकाना उपयोगी पडला. पुनवेला चांदणे टिपूर असते. भर उन्हात दिवा लावला तर तो कुणाला दिसेल? तसेच चांदण्यात दिव्याचा उजेड फिका पडतो आणि पाखरे त्याकडे कमी वळतात. पाखरे शेतात असतात, पण घमेल्यात येत नाहीत. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे शेतीचे एक जुने संशोधन केंद्र आहे. तिथे १९३३ साली असाच दिवा लावून रोजची मोजणी सुरू झाली. तिथल्या नोंदींतही पौर्णिमेच्या सुमारास पतंग कमी भरतात, हेच दिसले. चंद्र त्यांचा आणि आपला एकच आहे.

म्हणून पुनवेचा आकडा अवसेच्या आकड्याशी ताडू नये. अवस अवसेशी ताडावी, पुनव पुनवेशी. अष्टमीच्या बाबतीत तर आणखी जपावे. शुद्ध अष्टमीला चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्री उगवतो. गोकुळाष्टमीला कृष्णजन्म मध्यरात्री करतात, तेव्हा तुम्ही बाहेर येऊन चंद्र पाहिलाच असेल. आपला दिवा सात ते दहा. त्या वेळी शुद्ध पक्षात चांदणे आणि वद्य पक्षात काळोख. अष्टमी दोन्ही, पण सारख्या नव्हेत.

मुलाला हे पटले की नाही कोण जाणे. पण दिवा चालू राहिला.

गोकुळाष्टमी. आभाळ आहे. जाळीवाले १४, ठिपकेवाले ३, सोनेरी ४.
पोळा. आभाळ नाही. जाळीवाले ३१, ठिपकेवाले ४, सोनेरी ६.

पोळा म्हणजे श्रावणातली अवस. बैल ओवाळून झाले, पुरणपोळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, घमेल्यात हे ३१ निघाले. आता म्हातारीने पान उलटून मागची अवस पाहिली. दिव्याच्या अवसेला ६. पोळ्याच्या अवसेला ३१. दिवा तोच, जागा तीच, वेळ तीच, काळोखही तितकाच. मग वाढ चंद्रामुळे नव्हे. पतंगच वाढले.

ही भीती खोटी नव्हती. २००८ साली विदर्भात आणि मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनवर धाड घातली होती. उभी शेते चाळणीसारखी झाली. लोकांना अळी दिसली तेव्हा ती मोठी झाली होती, आणि मोठी अळी औषधाला सहज दाद देत नाही. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी खात्याने गावोगाव कीड मोजण्याचे काम सुरू केले. त्याला क्रॉपसॅप म्हणतात. माणसे ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजतात, आकडे वर कळवतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. म्हातारीची वही म्हणजे एका घरापुरते तेच काम.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. भीतीने आंधळी फवारणी केली तर काय होते? पैसा जातो, मित्रकिडी मरतात, आणि माणसाच्या जिवावरही बेतते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याच साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे फार नुकसान केले होते. अळी उशिरा दिसली, माणसे घाबरली आणि फवारा सुटला.

तर म्हातारी काय करते? ती पंप उचलायला सांगत नाही. ती मुलाला आणि नातीला घेऊन शेतात जाते. दिवा फक्त हाक मारतो. खरे काय ते शेतातच पाहावे लागते.

मीटरभर लांबीची एक काठी त्यांनी सोबत घेतली. काठी ओळीच्या कडेला ठेवायची, तेवढ्या लांबीतली झाडे हलवायची आणि खाली पडलेल्या व पानांवरच्या अळ्या मोजायच्या. शेताच्या वेगवेगळ्या भागांत असे दहा ठिकाणी केले. सोयाबीनला मीटरभर ओळीत तीन-चार अळ्या सापडल्या तर औषधाचा विचार करावा, असे कृषी खाते सांगते. त्याच्या आत असेल तर थांबावे. नऊ ठिकाणी कुठे एक सापडली, कुठे एकही नाही.

दहावी जागा बांधाजवळची होती. बांधावर एरंडीची झाडे होती. जाळीवाल्याला एरंडी फार आवडते. म्हणून तर जाणते शेतकरी सोयाबीनच्या कडेने मुद्दाम एरंडी लावतात, म्हणजे मादी आधी तिकडे वळते. नातीने एरंडीचे पान उलटे केले.

“आजी, हे काय वं? कापूस चिकटल्यावानी?”

ते अंड्यांचे पुंजके होते. ही मादी एकेका पुंजक्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि वर आपल्या अंगाचे तपकिरी केस पसरते. दुसऱ्या एका पानावर अंडी फुटली होती. केसासारख्या बारीक अळ्या दाटीने बसून पान खरवडत होत्या. पान जाळीदार, कागदासारखे झाले होते. अशी पाने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावीत. एक पान तोडले की शेकडो अळ्या गेल्या. दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर त्याच अळ्या शेतभर पांगल्या असत्या, आणि मग एकेक कुठे शोधणार?

दुपारपर्यंत तिघांनी बांधाची सारी एरंडी उलटसुलट करून पाहिली. दोन पाट्या पाने निघाली. बांधालगतच्या सोयाबीनच्या ओळींत मात्र मीटरला चार-पाच अळ्या भरल्या. अळ्या अजून लहान होत्या, म्हणून तेवढ्याच ओळींवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचे ठरले. बाकीचे शेत सोडून दिले. अशा वेळी मन खात्रीचे नसेल तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवावे, किंवा करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. वही सोबत न्यावी. “लय कीड हाय साहेब” असे म्हणण्यापेक्षा “महिन्यात ६ चे ३१ झाले” असे म्हटले की विचारणारा आणि सांगणारा दोघांचेही काम सोपे होते.

कपाशीवाल्यांसाठी दोन शब्द वेगळे सांगतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग करडा-तपकिरी आणि अगदी लहान, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. दिव्याच्या ढिगात तो हरवतो. त्याच्यासाठी कामगंध सापळा लावावा. त्यात मादीच्या वासाची गोळी असते आणि नर फसून येतो. मित्रकिडी त्यात मरत नाहीत. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, असे ओळीने तीन दिवस आले तर सावध व्हावे. मग एकरातली वीस हिरवी बोंडे इथून तिथून तोडून फोडावीत. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर उपाय करायची वेळ झाली. ही अळी अंड्यातून निघताच बोंडात शिरते आणि वरचे भोक बुजते. आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून इथे पतंगाची मोजणी सोयाबीनपेक्षाही मोलाची. अर्धवट मिटलेली, गुलाबाच्या कळीसारखी फुले दिसली तर ती डोमकळी समजावी. ती तोडून अळीसकट नष्ट करावी. आणि फरदडीच्या लोभाने डिसेंबरनंतर कपाशी उभी ठेवू नये. ती ठेवणे म्हणजे बोंडअळीला पुढच्या सालापर्यंत घरजावई करून घेणे होय.

करीच्या त्या संध्याकाळी मुलाने स्वतःच घमेले घासले, पाणी भरले आणि साबण टाकला. सात वाजता दिवाही त्यानेच लावला. म्हातारी ओसरीवर वही घेऊन बसली होती. तिने आधी तारीख काढली, मग तिथी, आणि आकाशाकडे पाहून लिहिले: “भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. आभाळ नाही. काल एरंडीची पाने तोडली.”

“आजी, काल नाही, आजच तोडली न वं,” नात म्हणाली.

म्हातारीने ‘काल’ खोडले आणि वर ‘आज’ लिहिले. जाळीवाल्यांची जागा सकाळसाठी कोरी ठेवली.